ताज्या कापलेल्या आंब्याच्या फळ्यांना बुरशी आणि निळे-काळे डाग: लाकूड वाया गेलं का?

अंगणातला_आंबा | १२ जुलै

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी पुण्यात सहकारनगरमधली, जुनी. वळवाच्या वाऱ्यात आवारातला आंबा मुळासकट आडवा झाला. परवानगीचे सोपस्कार उरकल्यावर लाकूड वजनावर देऊन टाकावं असं काहींचं म्हणणं होतं, पण त्या झाडाखाली निम्म्या सोसायटीची मुलं खेळून मोठी झाली आहेत. म्हणून ठरलं की त्याचे बाक करायचे आणि खालच्या वाचनालयाला कपाटं.

ओंडके मिलमध्ये नेऊन इंची आणि दीड इंची फळ्या पाडून घेतल्या. पावसामुळे टेम्पो मिळायला वेळ लागला. तोवर मिलवाल्यांनी फळ्या एकावर एक चिकटवून ताडपत्रीखाली ठेवल्या होत्या. आता पार्किंगमध्ये उतरवल्यात, तर अवस्था अशी:

वरून पांढरी-हिरवट लव, बोट फिरवलं की उडते. ती पुसली तरी खाली राखाडी-निळे पट्टे राहतात, टोकाकडून आत शिरलेले. काही फळ्यांवर अगदी शाईसारखे काळे ठिपके. कुबट वास येतोय.

मिलवाले म्हणतात, आंबा असाच असतो, वरून रंग मारून टाका. एका शेजाऱ्यांचं म्हणणं, डिझेल फासा. कृषी केंद्रातून कोणीतरी कार्बेन्डॅझिम या बुरशीनाशकाची पुडी आणून ठेवली आहे. मी अजून काहीच केलेलं नाही. लाकूड सडलंय का? आणि आधी काय मारू?

---

रंधा_पटाशी | १२ जुलै

ताई/दादा, आज रात्री मारायचं काहीच नाही. आज रात्री फळ्या सुट्या करायच्या.

कितीही माणसं लागोत, गोळा करा. खाली विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक मांडून जमिनीपासून फूट-दीड फूट उंची घ्या. त्यावर फळ्यांचा एक थर, दोन फळ्यांमध्ये बोटभर फट. मग आडव्या पट्ट्या, मग दुसरा थर. पट्ट्या इंच बाय इंच, सुक्या लाकडाच्या. त्याच आंब्याच्या ओल्या कापट्या वापरू नका. जिथे पट्टी टेकते तिथे ओल अडकते आणि फळीवर आडवा डाग उमटतो, तो रंध्यानेही सहज जात नाही. दोन पट्ट्यांत दीड फूट अंतर. सगळ्या थरांतल्या पट्ट्या एकाखाली एक सरळ रेषेत, नाहीतर फळ्या वाकतील. शेवटची पट्टी अगदी टोकाला. वर वजन ठेवा.

ओले पापड आपण एकावर एक रचून ठेवत नाही, तसंच हे. ताडपत्री गुंडाळायची नाही. वरून छप्पर हवं, बाजू मोकळ्या हव्यात. तुमचं पार्किंग खांबांवरचं असेल तर याहून चांगली जागा पुण्यात शोधून सापडणार नाही.

एक मोठा पंखा थपीच्या बाजूने लावा, वारा पट्ट्यांमधून आरपार जाईल असा. पहिले काही दिवस तो बंद करू नका.

---

अंगणातला_आंबा | १२ जुलै

पार्किंग खांबांवरचंच आहे. पंखाही आहे, गणपतीच्या मांडवाचा. पण बाहेर सतत पाऊस, हवेतच एवढी ओल. दमट हवेने लाकूड कसं वाळणार?

---

वखारीतला | १३ जुलै

ही शंका सगळ्यांना येते आणि म्हणूनच लोक पावसाळ्यात ओल्या फळ्या झाकून ठेवतात. हिशेब सांगतो.

लाकडातली ओल मोजताना पाण्याचं वजन पूर्ण सुक्या लाकडाच्या वजनाशी ताडून टक्केवारी काढतात. ताजा आंबा सहज ५०-६० टक्क्यांच्या वर असतो. सगळ्या लाकडांत साधारण ३० टक्क्यांच्या आसपास एक टप्पा येतो: त्याच्या वर पेशींच्या पोकळीत मोकळं पाणी असतं, त्याच्या खाली फक्त पेशींच्या भिंतीत मुरलेलं. बुरशीला आणि डागाला थांबवायचं तर २० च्या खाली आणावं लागतं.

आता हवेकडे बघा. हवेतली आर्द्रता ८५ टक्के असेल, म्हणजे पुण्यातला जुलै-ऑगस्ट, तरी त्या हवेत पडून राहिलेलं लाकूड शेवटी १८ टक्क्यांच्या जवळपास येऊन थांबतं. म्हणजे ६० वरून १८-२० पर्यंत यायला पावसाळी हवाही पुरते, फक्त ती हलती पाहिजे. अडकलेल्या हवेची आर्द्रता १०० होते आणि तिथे वाळणं थांबतं. ताडपत्रीखाली तेच झालं.

६५ टक्के आर्द्रतेला लाकूड १२ टक्क्यांवर स्थिरावतं, उन्हाळ्यात ३० टक्के आर्द्रतेला ६ च्या आसपास. म्हणून फर्निचर करण्याची घाई आत्ता करू नका. पावसाळ्यात १८ वर असलेल्या फळीचं कपाट केलं तर एप्रिलमध्ये जोड उघडतील.

लोणावळा, ताम्हिणीकडे हेच काम फार अवघड आहे. तिथे आर्द्रता दिवसचे दिवस ९५ च्या वर राहते. सहकारनगरात तुम्ही सुखात आहात.

---

पेठेतला_जुना | १३ जुलै

आमच्याकडे वाड्याच्या तुळयांना जळकं ऑइल फासायचे. कीड नाही, बुरशी नाही. ते का नको?

---

रंधा_पटाशी | १३ जुलै

काका, त्या तुळया सागाच्या आणि वाळून मुरलेल्या होत्या. साग मुळातच टिकतो. ओल्या आंब्यावर तेल फासलं की आतली ओल आतच राहते आणि वरच्या तेलकट थराखाली डाग खोल जातो. शिवाय ऑइल प्यालेल्या फळीवर पुढे पॉलिशही धरत नाही आणि गोंदही. डिझेलचंही तेच, वर आगीची भीती. पार्किंगमध्ये तर नकोच नको.

---

सूक्ष्मदर्शी | १३ जुलै

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. धागाकर्त्यांनी वर्णन इतकं नेमकं केलंय की त्यावरून तीन वेगळ्या गोष्टी दिसतात. तिन्हींचा उपाय वेगळा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिली, पुसली जाणारी लव. ही साधी बुरशी, अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम, ट्रायकोडर्मा वगैरे मंडळी. हिरवा-पांढरा रंग त्यांच्या बीजाणूंचा. या पृष्ठभागावरच्या साखरेवर जगतात. फळी कापली की पेशी फुटतात, गोडसर रस वर येतो आणि २५-३० अंश तापमानाला एक-दोन दिवसांत यांचं काम सुरू होतं. लाकडाची ताकद त्या खात नाहीत.

दुसरी, न पुसला जाणारा निळा-राखाडी पट्टा. हीसुद्धा बुरशीच, पण आत शिरणारी. झाडाच्या खोडात केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या किरणपेशी असतात, त्यांत झाड स्टार्च साठवतं. ही बुरशी त्या किरणांतून आत जाते, म्हणून ओंडक्याच्या कापावर डाग पाचरीसारखा दिसतो, निमुळतं टोक केंद्राकडे. तिच्या तंतूंमध्ये मेलॅनिन असतं, आपल्या केसांत आणि त्वचेत असतं त्याच गटातलं रंगद्रव्य. तंतू तपकिरी असतात, लाकडातून पाहताना निळे दिसतात. थंड देशांत पाइनवर हे काम ऑफिओस्टोमा गटातल्या बुरश्या करतात. आपल्या उष्ण भागात मुख्य नाव लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमी. हिला तुम्ही सगळे ओळखता: पेटीतला आंबा देठाकडून काळा पडत जातो ना, त्यामागे बऱ्याचदा हीच असते. फळाला सोडत नाही आणि लाकडालाही.

ही बुरशी साखर आणि स्टार्च खाते, पेशीभित्तीतला सेल्युलोज आणि लिग्निन जवळजवळ तसाच राहतो. त्यामुळे निळ्या फळीची भार पेलण्याची ताकद फारशी कमी होत नाही. एकदम बसणारा धक्का सोसण्याची क्षमता मात्र थोडी घटते, म्हणून हत्यारांचे दांडे किंवा शिडी अशा लाकडाची करू नये. कपाटाला काही अडचण नाही.

सागासारख्या झाडात गाभा आणि बाहेरचा पांढरा भाग स्पष्ट वेगळे असतात आणि डाग पांढऱ्या भागातच राहतो. आंब्यात ही सीमा पुसट असते. म्हणून तो इतका आतपर्यंत रंगतो.

तिसरी, शाईसारखे काळे ठिपके. इथे बुरशी नसण्याची शक्यता मोठी आहे. ओल्या लाकडातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग तयार होतो. जुन्या काळची काळी शाई याच रसायनावर बनायची. बाभूळ, जांभूळ, साग यांत हे जोरात होतं, आंब्यातही होतं. खिळा, करवतीचा कीस, लोखंडी पट्टी, काहीही पुरतं.

ओळखायचं कसं? काळ्या ठिपक्यावर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या द्रावणाचा एक थेंब टाका. लोखंडाचा डाग असेल तर काही मिनिटांत फिका होतो. दुसऱ्या ठिपक्यावर घरगुती ब्लीचचा थेंब टाका. वरवरची बुरशी फिकी पडते, लोखंडाचा डाग ढिम्म राहतो. दोन्ही थेंब दोन वेगवेगळ्या फळ्यांवर आणि वेगवेगळ्या वेळी. ब्लीच आणि कुठलंही आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. संडास साफ करायचं आम्लही त्यातच आलं. कृपा करून हे हलक्यात घेऊ नका.

---

रंधा_पटाशी | १३ जुलै

मॅडमनी सांगितलेल्यात चौथी भर: सडणं. ते ओळखायला रसायन लागत नाही. टोच्या घ्या, फळीत तंतूंच्या दिशेला आडवा टोचून वर उचका. निरोगी लाकडाची लांब चिरफळी उठते आणि एका टोकाला चिकटून राहते, कडकन आवाज येतो. सडलेलं लाकूड टोच्याच्या वरच तुकडा होऊन मोडतं, आवाज मेलेला, चिरफळी आखूड. हाताने दाबून लाकूड मऊ लागलं तर ती फळी बाजूला काढा. अशी प्रत्येक फळी दोन-तीन ठिकाणी बघा, विशेषतः टोकं आणि गाठींच्या कडेला.

---

अंगणातला_आंबा | १५ जुलै

सोसायटीतल्या पोरांनी आणि दोन आजोबांनी मिळून थपी लावली. पट्ट्या जुन्या सागाच्या खिडक्यांच्या मिळाल्या. पंखा चालू आहे.

टोच्याची परीक्षा केली. बुंध्याकडच्या मोजक्या फळ्या सोडल्या तर सगळीकडे लांब चिरफळी उठते. काळे ठिपके ऑक्झॅलिकने खरोखर विरघळल्यासारखे गेले, बघून मुलं चकित झाली. निळे पट्टे मात्र तसेच.

लव कशी काढू? पॉलिश पेपर मारू का?

---

दमेकरी | १५ जुलै

पॉलिश पेपर अजिबात नको! माझ्या मुलाला दमा आहे, म्हणून कळकळीने लिहितेय. कोरडं घासलं की बीजाणू हवेत उडतात आणि पार्किंगमधून थेट पहिल्या मजल्याच्या खिडक्यांत जातात. पंखा चालू असताना तर पूर्ण इमारतीत. दमा, अ‍ॅलर्जी, फुफ्फुसाचे जुने आजार असलेल्यांना अ‍ॅस्परजिलसचा त्रास जास्त होतो. पंखा तेवढा वेळ बंद करा, ओल्या फडक्याने किंवा ओल्या ब्रशने पुसा, फडकं बादलीत बुडवत राहा, एन ९५ मास्क लावा. लहान मुलांना त्या कामातून लांब ठेवा. पुसून झालं की लगेच पंखा परत सुरू.

---

अंगणातला_आंबा | १५ जुलै

बरं झालं सांगितलंत. पहिल्या मजल्यावर एका आजींना दमा आहे. त्यांच्याकडच्या खिडक्या बंद करून मगच पुसायला घेऊ. मुलांना थपीपासून लांब ठेवलंय.

---

चाकणचा_पॅकर | १६ जुलै

आमचं काम पॅकिंगच्या लाकडाचं, पाइनचे पॅलेट आणि खोकी. बुरशीचं दुखणं आमच्याइतकं कोणी सोसत नसेल, म्हणून एक गैरसमज दूर करतो.

परदेशी जाणाऱ्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि एचटी अशी अक्षरं असतात. म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटं दिलेलं आहे. आंतरराष्ट्रीय नियम आहे, आयएसपीएम १५ नावाचा, २००२ पासूनचा. ग्राहकाला वाटतं उष्णता दिली म्हणजे लाकूड सुकलं. तसं नाही. तो नियम किड्यांसाठी आहे. ५६ अंशाला अर्ध्या तासात पाणी जात नाही. उलट तापवल्यावर आतली साखर पाण्याबरोबर पृष्ठभागाकडे येते. असा ओला पॅलेट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कंटेनरमध्ये भरला की बंदरावर उघडताना हिरवा निघतो, आणि मग मेल येते की तुमची ट्रीटमेंट खोटी.

आम्ही आता पाठवण्याआधी ओल मोजतो. २० च्या वर असेल तर माल पंख्यासमोर राहतो, ग्राहक कितीही ओरडला तरी. मीटरबद्दल इतकंच सांगतो की टोचणीचा स्वस्त मीटर ३० टक्क्यांच्या वर भरवशाचा नसतो. तो ४५ दाखवतो की ६०, याला अर्थ नाही. ३० च्या खाली आल्यावर त्याचं ऐका.

---

वखारीतला | १६ जुलै

मीटर नसेल तर ओव्हन चालतो. फळीच्या टोकाचा तुकडा घेऊ नका, टोक आधी वाळतं. टोकापासून दोन फूट आत जाऊन इंचभर रुंदीची चकती कापा. लगेच वजन करा. मग १०३ अंशाला, म्हणजे घरच्या ओव्हनवर १०० ते १०५ धरा, वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत ठेवा. समजा १८० ग्रॅमची चकती १२० वर येऊन थांबली, तर पाणी ६० ग्रॅम, भागिले १२०, म्हणजे ५० टक्के. भारतीय मानकांतलं आयएस ११४१ हे लाकूड वाळवण्याबद्दलचं आहे. ज्यांना खोलात जायचंय त्यांनी जरूर वाचावं.

---

अंगणातला_आंबा | १७ जुलै

चकती करून बघितली, ५४ टक्के आली. म्हणजे बराच पल्ला आहे.

आता औषधाचं बोला. कार्बेन्डॅझिम? मोरचूद? टाकणखार (बोरॅक्स)? प्रत्येक जण वेगळं सांगतोय आणि पाऊस चालूच आहे.

---

सूक्ष्मदर्शी | १७ जुलै

कार्बेन्डॅझिम लाकडाच्या डागावर इतर बुरशीनाशकांच्या जोडीने वापरलं गेलं आहे, पण एकट्याने पुरत नाही. अल्टरनेरियासारख्या काही काळ्या बुरशींवर त्याचा असर होत नाही. आणि ते शेतातल्या फवारणीसाठी आहे. मुलं हात लावणार त्या वाचनालयाच्या फळीवर ते का मारायचं? पुडी परत द्या.

मोरचुदाने लाकूड हिरवट होतं आणि लोखंडी खिळे-स्क्रू गंजतात.

पूर्वी लाकूड कापल्याबरोबर सोडियम पेंटाक्लोरोफिनेटच्या, म्हणजे पेंटाक्लोरोफिनॉलच्या क्षाराच्या टाकीत बुडवत. डागावर रामबाण, पण माणसाला आणि पाण्याला इतकं घातक की पेंटाक्लोरोफिनॉल भारतात बंदी असलेल्या रसायनांत आहे आणि २०१५ मध्ये घातक, टिकून राहणाऱ्या रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारातही त्याचा समावेश झाला. कोणाकडे जुना डबा असेल तर हातही लावू नका.

---

रंधा_पटाशी | १७ जुलै

टाकणखाराबद्दल मी लिहितो, कारण तो मी वापरतो, पण बुरशीसाठी नाही, भुंग्यासाठी. हा फरक लक्षात ठेवा.

आंब्यात स्टार्च भरपूर, त्यामुळे वाळल्यावर त्याला बारीक भुंगा लागतो. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली मैद्यासारखं पीठ. तीन भाग टाकणखार, दोन भाग बोरिक पावडर. दहा लिटर कोमट पाण्यात दोन्ही मिळून एक किलोपर्यंत. दोन्ही एकत्र टाकलं तर चांगलं विरघळतं, एकेकटं टाकलं तर तळाशी बसतं. ओल्या फळीवरच लावायचं, कारण ते पाण्याच्या वाटेने आत जातं. हातमोजे घालायचे, लहान मुलांपासून लांब, आणि पोळपाट किंवा कापायच्या फळीच्या लाकडाला लावायचं नाही.

आता इथे एक पेच आहे. औषध पूर्ण आत मुरायला हवं असेल तर फळ्या औषधात बुडवून, एकमेकींना चिकटवून, झाकून काही आठवडे ओल्याच ठेवतात. केरळात रबराच्या लाकडावर काम करणारे कारखाने असं करतात, पण ते सोबत वेगळं बुरशीनाशक घालतात, कारण नुसत्या टाकणखार-बोरिकने बुरशी थांबत नाही आणि झाकलेली ओली थपी म्हणजे बुरशीची चंगळ. आपल्याला घरी तसं करता येणार नाही. तुम्ही ब्रशने दोन हात लावा आणि लगेच परत पट्ट्यांवर, पंख्यासमोर. औषध वरच्या थरातच राहील, पण निदान काही नसण्यापेक्षा बरं. पाऊस लागला तर धुऊन जाईल, हेही ध्यानात असू द्या.

आणि बाकांबद्दल मनापासून सांगतो, कारण पुढे वाईट वाटेल. आंब्याचे बाक उघड्यावर ठेवू नका. मातीला टेकलेल्या लाकडाच्या टिकाऊपणाच्या चाचणीत आंबा सगळ्यात खालच्या वर्गात येतो, ६० महिन्यांच्या आत संपणाऱ्यांत. बाक करा, पण छपराखाली ठेवा, पाय फरशीवर आणि पायांना खाली रबर.

---

अंगणातला_आंबा | १७ जुलै

बाक बागेत ठेवायचं ठरलं होतं. सभेत बदलून घेते. लिफ्टसमोरची जागा आहे, तिथे वयस्कर लोक थांबतात, तिथे उपयोगही जास्त होईल.

निळा रंग जाईल का? कपाटाच्या दर्शनी फळ्यांवर तो नको, असं दोन सभासदांचं म्हणणं आहे.

---

रंधा_पटाशी | १८ जुलै

खोल गेलेला निळा रंग घासून जात नाही, रंध्याने तो थर जिथे संपतो तिथपर्यंतच कमी होतो. साधं ब्लीच वरची लव फिकी करतं, निळ्यावर त्याचा जोर चालत नाही. कॉस्टिक सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची दोन बाटल्यांची पद्धत असते, तिने रंग बराच उतरतो, पण लाकडाचा स्वतःचा पिवळसर गोड रंगही उतरतो आणि फळी खडूसारखी दिसू लागते. कॉस्टिकने हात भाजतात ते वेगळंच. मी स्वतः ते करणार नाही.

ऑक्झॅलिक लोखंडाच्या डागांसाठी ठीक. गरम पाण्यात लिटरला ५०-६० ग्रॅम, पूर्ण फळीला लावा, नुसत्या ठिपक्याला लावलं तर गोल फिका चट्टा राहतो. नंतर साध्या पाण्याने दोनदा धुवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने एकदा. न धुता वाळू दिलं तर नंतर घासताना त्याची पूड नाकात जाते, ती विषारी आहे.

आणि निळ्याचं म्हणाल तर, माझ्याकडे येणारे बरेच लोक आता मुद्दाम निळे-काळे पट्टे असलेला आंबा मागतात. तेल-मेणाचं पॉलिश दिलं की तो धूसर पट्टा पिवळ्यावर फार सुंदर खुलतो. त्या दोघा सभासदांना एक फळी पॉलिश करून दाखवा आणि मग विचारा.

---

वखारीतला | १८ जुलै

सहमत. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मी माल बघत वाढलो. तेव्हा निळा आंबा म्हणजे पॅकिंगला, खोक्यांना. आता त्याच्या फळ्या वेगळ्या काढून ठेवतात.

---

अंगणातला_आंबा | २६ ऑक्टोबर

बऱ्याच दिवसांनी लिहितेय.

ओल्या फडक्याने पुसल्यावर लव परत आली नाही. एका कोपऱ्यात, जिथे पंख्याचा वारा खांबामुळे पोचत नव्हता, तिथे मात्र पुन्हा पांढरट झाली. मग पंखा आलटून पालटून दोन्ही बाजूंनी लावला. ऑगस्टअखेरीस मधल्या फळीची चकती २२ वर आली, गणपतीनंतर १९. ऑक्टोबरच्या उन्हाने वेग घेतला तेव्हा रंधा_पटाशी यांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे पंखा बंद केला आणि पश्चिमेच्या बाजूला गोणपाट लावलं, टोकं तडकू नयेत म्हणून. आता १३. बुंध्याकडच्या सडक्या फळ्या सोडल्या तर सगळं लाकूड वापरण्याजोगं आहे.

एक फळी पॉलिश करून सूचना फलकाखाली ठेवली होती. ज्या दोघांना निळा रंग नको होता, त्यांतल्या एकांनी तीच फळी वाचनालयाच्या मधल्या खणासाठी मागितली आहे.

---

मुळशीकर | २७ ऑक्टोबर

फार उपयोगी धागा. आमच्या फार्महाऊसवर सिल्व्हर ओक पाडायचेत, परवानगीचं बघतोय. मिल लांब आहे, ओंडके महिनाभर पडून राहतील असं दिसतंय. ते आधीच निळे पडतील का?

---

वखारीतला | २७ ऑक्टोबर

पडू शकतात. डाग फळीवर येतो असं वाटतं, पण पुष्कळदा तो ओंडक्यातच शिरलेला असतो, टोकांतून आणि साल सुटलेल्या जागांतून. दोन गोष्टी करा. पाडण्याची तारीख मिलच्या तारखेला बांधा, आधी पाडून ठेवू नका. उभं निरोगी झाड सहसा निळं पडत नाही. आणि तरीही उशीर होणार असेल तर साल काढू नका, दोन्ही कापांवर त्याच दिवशी मेण किंवा डांबरी रंगाचा जाड हात द्या, ओंडके सावलीत जमिनीपासून उचलून ठेवा.

तळं असेल तर सर्वात उत्तम. पूर्ण बुडवून ठेवा. पाण्याने भरलेल्या लाकडात हवा नसते आणि हवेशिवाय ही बुरशी वाढत नाही. अर्धवट तरंगणारा ओंडका मात्र वरच्या बाजूने निळा होतो, त्यामुळे दगड बांधून खाली दाबा.

---

मुळशीकर | २७ ऑक्टोबर

शेततळं आहे, पण त्याला प्लॅस्टिकचा कागद आहे, ओंडक्याने फाटेल. मिलची तारीख घेऊनच पाडतो. पट्ट्या आधी कापून वाळत टाकतो.